अक्षदाच्या कॉलेजचं टेंडर

मंगफ, कुवेत
२२ एप्रिल १९९०

ती. ताईस,

जगन्नाथचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो आहे. जेवणाच्या टेबलावर अक्षदाचे कागद पसरलेत, म्हणून जमिनीवर बसून सुटकेसवर लिहितोय.) तुझे गुडघे कसे आहेत? भाओजींनी तपकीर सोडल्याचं तू कळवलंस. माझा विश्वास नाही, पण त्यांना अभिनंदन सांग. आम्ही तिघंही खुशाल. रमजान असल्यामुळे रिफायनरीतलं ऑफिस लवकर सुटतं, आणि रोज दुपारीच घरी येऊन टपकणारा नवरा बाईला किती जड जातो ते सध्या रेखाच्या तोंडावर वाचायला मिळतं. तिच्या वॉर्डातली एक सिस्टर शुक्रवारच्या विमानाने निघालीय. तिच्या हाती हे पत्र आणि तुझ्यासाठी खजूर देतोय. खजूर भाओजींपासून लपव.

आता मुद्द्याचं. तुझ्या भाचीला अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय आणि एक मेच्या आत एकाला हो कळवायचंय. एक आहे प्रचंड विद्यापीठ. अडतीस हजार विद्यार्थी! दुसरं आयोवा नावाच्या राज्यात मक्याच्या शेतांमधलं एक कॉलेज. तिथे जेमतेम अकराशे पोरं. शिष्यवृत्ती दोघांनीही सारखीच देऊ केलीय. (एकाने कमी दिली असती तर निर्णय कधीच झाला असता आणि तुला हे पत्र वाचावं लागलं नसतं.) या छोट्या कॉलेजला तिकडे लिबरल आर्ट्स म्हणतात. म्हणजे काय, ते मी तीन जणांना विचारलं. सारांश असा की पहिली दोन वर्षं पोरं काय व्हायचं ते ठरवतच नाहीत. रसायनशास्त्र शिकता शिकता इतिहास शिकतात, मग नाटक, आणि वाटलंच तर मातीची भांडीसुद्धा करतात. अक्षदाला रसायन आणि इतिहास दोन्ही हवेत. मी म्हटलं, बाई गं, एक काहीतरी धर. ती म्हणाली, "बाबा, व्हाय?" याला उत्तर नसतं, म्हणून तर लहानपणी आपण हा प्रश्न दादांना कधी विचारला नाही.

माझा निर्णय पक्का आहे: मोठं विद्यापीठ. लहान जागेचे भोग मी भोगलेत. आपल्या शाळेत चार इयत्ता एका खोलीत बसायच्या, शिकवायला तू, आणि बाईंचा भाऊ म्हणून पहिली छडी कायम माझ्या हातावर. (तुला दोष देत नाही. हात अजून चालतो.) पुढे मुंबईला कॉलेजात गेलो तेव्हा वर्गात दोनशे जण बघून मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. शेवटच्या बाकावर चार वर्षं काढली, एकाही मास्तराला माझं नाव कळलं नाही, आणि तरीही मी इंजिनियर झालो. मोठ्या ठिकाणी माणूस सुरक्षित असतो.

तरी माझ्यावर हुकूमशाहीचा आरोप नको, म्हणून मी टेंडरच्या पद्धतीने जायचं ठरवलं. आमच्या रिफायनरीत साधा व्हॉल्व्ह घ्यायचा तरी सगळ्या पुरवठादारांचा तुलनात्मक तक्ता होतो, आणि चौदा वर्षं तो तक्ता मीच करतो. तसाच एक हॉलच्या भिंतीवर लावला. मोठ्याच्या रकान्यात: स्वतःचं पॉवर हाउस, स्वतःचा अग्निशमन बंब, स्वतःचं हॉस्पिटल, एक छोटा विमानतळ. छोट्याच्या रकान्यात: तळं. (बदकांसह. हे अक्षदाने घुसडलं.) रेखाने तक्त्यावर वाण्याची यादी टोचली, पण मी डगमगलो नाही.

पुढची पायरी म्हणजे खुलासे मागवणं. मी बारा प्रश्न काढले आणि फहाहीलच्या इद्रीसच्या दुकानातून दोन्हीकडे फॅक्स केले. (इद्रीस हैदराबादचा. झेरॉक्स, फॅक्स, पासपोर्टचे फोटो आणि न मागितलेला सल्ला, सगळं एकाच काउंटरवर मिळतं.) मुलीला ताप आला तर कुणाच्या लक्षात येईल? निवडलेला विषय चुकला तर? कुणी मराठी माणूस आहे का? थंडीत पाय घसरून पडली तर उचलणार कोण? असे बारा. आणि हाताच्या सवयीने शेवटी आमचं नेहमीचं वाक्य लिहून गेलो: पाच दिवसांत खुलासा न आल्यास आपली निविदा बाद समजण्यात येईल.

ताई, या एका वाक्याने माझा घात केला.

छोट्या कॉलेजचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. चार पानं, हाताने लिहिलेली, तिथल्या कुणी म्हाताऱ्या डीनबाईंची. मी पोचेपर्यंत इद्रीसने ती स्वतः वाचून दोन गिऱ्हाइकांनाही ऐकवली होती. ताप आला तर? सलग दोन तासांना दिसली नाही तर प्राध्यापक खोलीचं दार ठोठावतात. विषय चुकला तर? बसून दुसरा निवडू. माझाही चुकला होता. मराठी माणूस? सध्या नाही, पण अक्षदा आली की एक असेल. आणि खाली वेगळी ओळ: बारा प्रश्न तुमचे आले, अक्षदाचा एकही नाही. तिला काय विचारायचंय ते कळलं तर बरं वाटेल. इद्रीस म्हणाला, "जगन्नाथभाई, रोज़े में झूठ नहीं बोलता, बच्ची को ये मेमसाब के पास भेज दो." मी म्हटलं, तू फॅक्सचे पैसे सांग.

मोठ्या विद्यापीठाकडून तिसऱ्या दिवशी एक छापील पान आलं. "प्रिय अर्जदार, आपली चौकशी आमच्यासाठी महत्त्वाची आहे." पुढे काही नाही. पाच दिवस उलटले. मी मुदत वाढवली. पुन्हा वाढवली. तिसऱ्यांदा वाढवली तेव्हा रेखाने विचारलं, की तुमच्या रिफायनरीतही लाडक्या पुरवठादाराला असंच सांभाळतात का? मला चौदा वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. काल घरी आलो तर तक्त्यावर मोठ्याच्या रकान्यात लाल पेनने "डिस्क्वालिफाइड" लिहिलेलं, खाली सही आणि तारीख. अगदी पद्धतशीर. अक्षदा शेजारी बसून शांतपणे संत्रं सोलत होती.

तरीही मी ठाम आहे. नियम व्हॉल्व्हसाठी असतात, मुलीसाठी नव्हे. मोठं म्हणजे मोठंच. तुझाही आशीर्वाद याच निर्णयाला असेल असं धरून चालतो. भाओजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
जगन्नाथ

ता. क. रेखाने पत्र वाचलं आणि एवढंच विचारलं, की त्या बाईंनी सातासमुद्रापलीकडून विचारलं ते तुम्ही शेजारच्या खोलीत जाऊन विचारलंत का? म्हणून गेलो. अक्षदाने चक्क मराठीत सांगितलं, "बाबा, मोठ्या ठिकाणी मला लपता येईल. आणि मी लपणार. मला माहितीये. म्हणून मला तिथे नाही जायचं." सतरा वर्षं ही पोर माझ्यासमोर आहे, आणि तिला कसली भीती वाटते ते मी आज पहिल्यांदा विचारलं.

ता. क. २. वरचं सगळं रद्द समज. आज दुपारी इद्रीसकडे जाऊन छोट्या कॉलेजला होकार पाठवला. निर्णय पक्का आहे आणि यात आता कुणाचंही ऐकणार नाही.

ता. क. ३. आता खरं काम. आशीर्वाद राहू दे. मला एक खरमरीत पत्र लिही. एवढ्याशा कॉलेजात पोरीला घालतोस, लाज नाही वाटत, दादा असते तर काय म्हणाले असते, तुझं तोंड पाहणार नाही, जे सुचेल ते लिही, हात आखडू नकोस. मी ते जेवताना अक्षदासमोर मोठ्याने वाचणार आहे आणि तुला तिच्यादेखतच ठणकावून नाही म्हणणार आहे. या सगळ्या प्रकरणात मी फक्त तिच्याशीच भांडलो गं. ती जायच्या आत एकदा तरी तिच्या बाजूने कुणाशी भांडलेला तिला दिसू दे.