जेवणानंतरची गोळी

१३ ऑगस्ट १९८६, बुधवार. मद्रास
माझा पेपर वैद्यकीय मासिकात छापून आला. माझं नाव पहिलं, डॉक्टरसाहेबांचं दुसरं. त्यांनी हे होऊ दिलं हेच विशेष. इस्पितळाच्या औषधाच्या खिडकीवर सगळ्यांना कँटीनचा मैसूरपाक. फिट्सच्या रुग्णांना गोळ्या नुसत्या सरकवण्याऐवजी कशा, कधी घ्यायच्या ते नीट सांगितलं तर फिट्स कमी येतात. एवढंच म्हणायला तीन वर्षं घासली.
आणि आजच वल्ली आली, उजवा हात भाजलेला. शर्टांच्या कारखान्यात इस्त्री करते. सोमवारी संध्याकाळी फिट आली ती इस्त्रीवरच. साहेबांनी केसपेपरवर लाल रेघ मारली. "पुढच्या महिन्यात हेच झालं तर नाव काढा. फुकट औषधासाठी रांग आहे बाहेर." मी तोंड उघडलं तर म्हणाले, "मिसेस राव, तुमच्याच पेपरात आहे. काही रुग्ण सांगूनही ऐकत नाहीत."
आहे खरं. शेवटून दुसरा परिच्छेद. हातातला मैसूरपाक तसाच पुडीत गुंडाळला.

१४ ऑगस्ट
वल्ली ऐकत नाही? पटत नाही. विचारलं की शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवते: सकाळी एक, रात्री एक, सापाट्टुक्कु पिन्. जेवणानंतर.

१६ ऑगस्ट, शनिवार. एकादशी
सासूबाईंची बी.पी.ची गोळी बशीत तशीच.
"अम्मा, गोळी राहिली."
"आज विरदम, उपास नव्हं? जेवण जालं तर ना गोळी! जेवणानंतर म्हणून तूंच सांगितलीस."
हसू आलं. तंजावरच्या मराठी माणसांशी वाद घालून कोण जिंकलंय? मग एकदम हसू थांबलं. वल्लीची फिट सोमवारची. विचारलं, सोमवारी काय होतं?
"षष्ठी. मुरुगनाची." मुरुगन म्हणजे कार्तिकेय.
उपासाची साबुदाण्याची खीर करपली. लक्षच नव्हतं.

२० ऑगस्ट, बुधवार
वल्ली पट्टी बदलायला आली. बाजूला घेऊन विचारलं. मान खाली घालून म्हणाली, "दर षष्ठीला विरदम असतं अक्का. फिट जावी म्हणून."
फिट जावी म्हणून उपास. उपास म्हणून जेवण नाही. जेवण नाही म्हणून गोळी नाही. आणि संध्याकाळी फिट. घरच्यांना वाटतं, देव अजून प्रसन्न नाही, विरदम आणखी कडक करा. रडूच आलं मला. या पोरीने माझा शब्द न् शब्द ऐकला आणि मी छापलं की ऐकत नाही.
सांगितलं, दुधाबरोबर घे, चालते. म्हणाली, "घरी अम्माला विचारते."
"अम्माला घेऊनच ये."

२२ ऑगस्ट
साहेबांच्या खोलीत. म्हटलं, परिच्छेद चुकलाय, दुरुस्ती पाठवायची आहे.
"छापून दहा दिवस झाले नाहीत आणि स्वतःच्याच पेपरला सुरुंग? लोक हसतील."
"हसू देत. पण तो परिच्छेद दाखवून कुणाचं नाव काढू नका."
पेनाचं टोपण लावून म्हणाले: "तुमच्या एकटीच्या सहीने पाठवा. आणि तिची फिट थांबलेली पुढच्या महिन्यात मला दिसली पाहिजे."
दिसेल. न दिसून जातंय कुठे!

२५ ऑगस्ट
आजपासून खिडकीवर प्रत्येकाला विचारते, उपास करता का, कधी? रांग फाटकापर्यंत. खिडकीवरचा आमचा सेल्वराज वैतागला, "मॅडम, आपण औषध देतो की पंचांग सांगतो?" दोन्ही, म्हटलं. कुणाचा शुक्रवार, कुणाची कृत्तिकै, कुणाचा प्रदोष. एक म्हातारे बाबा रोज्यांचं बोलले. म्हणाले, आजवर कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

३० ऑगस्ट, शनिवार. परत एकादशी
दुरुस्ती रजिस्टर पोस्टाने गेली. सासूबाईंनी गोळी घेतली, दुधाबरोबर. आधी दुधाचा नैवेद्य, मग गोळी. "तुज्या डॉक्टराला सांग, देवाचं जालं, मग त्याचं." सांगते म्हटलं.

१० सप्टेंबर, बुधवार. षष्ठी
वल्ली आईला घेऊन आली. आई करारी. माझ्याकडे रोखून पाहत तिने पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला. कोविलातलं, म्हणजे देवळातलं, अभिषेकाचं दूध. सकाळी त्याच दुधाने गोळी दिली म्हणे. "मुरुगनला विचारलं. तो नाही म्हणाला नाही." मला हे सुचलं नसतं.
साहेब दारातून बघत होते. केसपेपर त्यांच्याच टेबलावर.
वल्ली तिथून थेट कारखान्यात गेली. हात पूर्ण बरा होईपर्यंत बटणांवर बसवलंय, तेवढं बरं. नेहमी फिट येते ती दिवेलागणीला. आता घरात दिवा लावून हे लिहितेय. सासूबाई दोनदा विचारून गेल्या, "त्या मुलीचं कळलं की?" कळायला उद्या तिच्या कारखान्याच्या फाटकावर जावं लागेल. जाणार.
संपादकांचं उत्तर नाही. नाही आलं तर पुन्हा लिहीन.
फिट आली तर साहेब नाव काढतील, मग त्यांच्याशी भांडेन. पण आली काय, न आली काय, दुरुस्ती मागे घेणार नाही. वल्ली ऐकत होती. हे छापून यायलाच हवं.