हलकी वस्तू

६ नोव्हेंबर, गुरुवार

"हलकी वस्तू घेऊ नये, वसू." हे बाबांचं वाक्य. मी अकरावीत होते. बर्तन बाजारात त्यांनी एक स्टीलचा डबा उचलला, तळहातावर तोलला आणि परत ठेवून दिला. पुढेही काहीतरी म्हणाले होते, पण तेवढ्यात दुकानदार भाव सांगायला लागला आणि ते राहून गेलं. तेव्हापासून मीही कढई, छत्री, चादर, सगळं तळहातावर तोलूनच घेत आले.

आज दुकानातली सगळ्यात हलकी वस्तू घेतली. आणि सगळ्यात महाग!

लॅपटॉप. मिटला की वहीएवढा. वजन किलोभरसुद्धा नाही. किंमत इथे लिहीत नाही, लिहिली तर झोप लागणार नाही. नवरा, श्रीहरी, एवढंच म्हणाला, "यात स्कूटर आली असती." स्वतःच्या पैशांनी घेतलाय, अनुवादाच्या मोठ्या कामाच्या. तरी चोरी केल्यासारखं वाटतंय.

दुकानातला मुलगा प्रामाणिक निघाला. "दीदी, दिखने में टनाटन है, पर इससे भारी काम मत करवाना. इसी दाम में वो वाला ले लो, डबल दौड़ेगा." मी हाच घेतला. दहा दिवसांत डब्यासकट परत आणला तर बदलून देणार आहे. म्हणजे सोळा तारखेपर्यंत.

कारण सांगायला खांदा आहे. गेलं वर्षभर उजवा खांदा धरतो. दर शनिवारी इंदुरातल्या अन्नपूर्णा भागातून निघून आई-बाबांकडे सांवेरची बस पकडायची, जुना जड लॅपटॉप खांद्यावर. बाबांनी तहसिलीबाहेर कडुनिंबाखाली बसून चाळीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप केले. त्या अर्जांच्या गोष्टी मला लिहून काढायच्या आहेत. त्यांचं पुस्तक करायचंय. बाबा फारसं सांगत नाहीत, तो भाग वेगळा.

पण खरं कारण खांदा नाही. खरं कारण, मला तो आवडला. रोजनिशीही आजपासून यातच लिहायची. वही कपाटात गेली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

घरात परीक्षा झाली. लॅपटॉप नापास.

ऋजुताने तिचा कॉलेजचा व्हिडिओ त्यात बनवायला टाकला. "आई, तेरा टक्के झालाय. मी आंघोळ करून येते." आंघोळ करून आली. "चौदा."

श्रीहरी पिथमपूरच्या कारखान्यात इंजिनियर, त्यामुळे वस्तू उघडल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. हा उघडतच नाही. "पंखाच नाही यात. गरम झाला की स्वतःच हळू होतो. पातळ करायचा म्हणून पंखा काढला, आणि वर त्याचे जास्त पैसे घेतले."

"म्हणजे जे नाही त्याचे पैसे," ऋजुता म्हणाली. "और ये कीज देखो ना बाबा, दबतच नाहीत. काचेवर टाइप केल्यासारखं वाटतं."

"तुझ्या आईला दबणाऱ्या गोष्टी नकोच असतात," श्रीहरी म्हणाला आणि वरणाला हिंग घालायला निघून गेला. मी हसले. त्याचं शुद्ध सातारी मराठी आणि आमची इंदुरी खिचडी, वीस वर्षं झाली तरी घरात दोन पक्ष आहेत. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र ते दोघं एका पक्षात गेले.

८ नोव्हेंबर, शनिवार

सांवेर. बसमध्ये पिशवी मांडीवर होती आणि दोनदा हात घालून पाहिलं, आत आहे ना.

बाबांनी तळहातावर घेतला. तोच हात, तीच पद्धत, डोळे किंचित मिटलेले. आता बोटं वाकडी झालीत, संधिवाताने, पण तराजू शाबूत आहे.

"यात मशीन आहे ना? का त्यानं नुसतं कव्हर दिलं?"

"आहे बाबा."

"पापड आहे हा, पापड." आणि परत दिला. पुढचं बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

मी हात धुवायला गेले. येऊन पाहते तर आई स्वयंपाकघरातून येत होती. हातात मिटलेला लॅपटॉप, त्यावर तीन कप चहा आणि शेवेची वाटी! आई म्हणाली, "नवीन ट्रे छान आहे गं. जरा घसरतो फक्त."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बघ द्वारका, वसूने एवढे पैसे घातले, काहीतरी उपयोग झाला."

पुसला, उघडला, चालू होता. आणि मग एक गोष्ट झाली. जुना लॅपटॉप उघडला की त्याचा पंखा घरघरायचा, बाबांच्या कानातल्या मशीनमध्ये ती घरघर दुप्पट व्हायची, आणि ते म्हणायचे, "ती चक्की बंद कर, मग बोलू." बंद केली की म्हणायचे, आता झोप आली. आज चक्कीच नव्हती. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग बहाणा सापडेना म्हणून बोलायला लागले.

एका माणसाने तहसीलदाराकडे अर्ज दिला होता, की शेजाऱ्याचा कोंबडा सरकारी वेळेच्या आधी आरवतो. बाबांनी विचारलं, सरकारी वेळ म्हणजे कोणती? तो म्हणाला, ते तुम्ही टाका, तुम्हाला माहीत. असे पाच किस्से. मी टाइप करत होते, आवाज नाही, काही नाही. सगळं उतरवून झाल्यावर सहज विचारलं, "बाबा, मग सहा वर्षांपूर्वी अर्ज टाइप करणं एकदम बंद का केलंत?"

ते उठून जास्वंदीला पाणी घालायला गेले. पाणी सकाळीच घातलेलं होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

खांदा दुखला नाही. शनिवार होऊन सोमवार आला आणि खांदा दुखला नाही. एवढ्यासाठीच ही नोंद.

१२ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी त्याच दुकानात गेले. दुसरा, डबल दौडणारा, तळहातावर तोलून पाहिला. जड. भरीव. बाबांना आवडला असता.

काय खटकतंय ते नीट लिहून बघते. खांद्याला पट्टा बदलला असता तरी चाललं असतं. माझं काम अक्षरांचं, त्याला कुठलाही लॅपटॉप चालतो. मग हा का? सकाळी टेबलावर उघडला की खिडकीतला उजेड त्याच्या कडेवर पडतो आणि मला लिहावंसं वाटतं, म्हणून? शेहेचाळीस वर्षांच्या बाईने नुसतं छान वाटतं म्हणून एवढी महाग वस्तू घ्यावी का? ऋजुताला वाटलं असतं तर मी तिला घेऊन दिली असती. मग स्वतःच्या बाबतीतच कारण का लागतं?

पण आठ तारखेचे पाच किस्से कुठल्याही लॅपटॉपवर उतरले असते, हे खरं. चक्की नसलेला स्वस्तातही मिळतो म्हणे.

रविवारी बदलून आणायचा. ठरलं. श्रीहरीला सांगितलं तर म्हणाला, "मी कुठे काही म्हणालो?" चेहऱ्यावर मात्र समाधान.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज सगळं लिहायचंय, क्रमाने, नाहीतर विसरेन.

ऋजुता बरोबर आली होती, तिच्या नानाजींना भेटायला. दुपारी बाबा आत आडवे झाले, आणि शेजारच्या भानुमती दारात आल्या. आवाज अगदी खाली. "दीदी, बाबूजी सो रहे हैं ना? तभी आई. एक अर्जी बना दो. राशनकार्ड में नाम सुधरवाना है."

आधारवर नाव भानुमती. राशनकार्डावर भानमती. सहा वर्षं. म्हणजे कागदावर त्या भानामती, जादूटोणाच झाल्या आहेत. राशनच्या दुकानावर पोरं म्हणतात, लो आ गया भानमती का कुनबा, म्हणजे कुठकुठून गोळा केलेलं गबाळं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं, पण आता मुलीचा, पलकचा, कॉलेजचा फॉर्म आईच्या नावावर अडला होता.

मी टाइप केला. रोमन अक्षरांत लिहिलं की देवनागरी उमटतं, माझी रोजची पद्धत. पाच मिनिटांत झाला. तोवर बाबा उठून मागे येऊन उभे होते, चष्मा वर करून वाचत. भानुमतींनी पदर सावरला, जणू चोरी पकडली गेली.

"भानमती," बाबांनी वाचलं. "वसू, तू पण?"

खरंच. नाव दुरुस्त करायच्या अर्जात मी तेच चुकीचं नाव लिहिलं होतं. उकार गाळून!

मी हसायला लागले. बाबा हसले नाहीत. माझ्या शेजारी बसले.

"पहिली चूक माझी आहे," ते म्हणाले. "उकार डाव्या करंगळीवर असतो. तीच आधी आखडली. मशीनचं बटण खाली जाईना. आपल्याला वाटलं, उमटला. नव्हता उमटला. हिचा अर्ज तसाच गेला, कार्ड तसंच आलं. त्या दिवशी मशीनवर कव्हर घातलं."

चाळीस वर्षं कोणाच्याही नावात चूक न करणारा माणूस. म्हणून जास्वंद!

भानुमती त्यांच्या माळवीत म्हणाल्या, "रेन दो बाबूजी, म्हारे कई फरक नी पड़े." मग सहा वर्षं दुसऱ्या कोणाकडून अर्ज का लिहून घेतला नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तहसिलीत तो कागद फिरला असता, सगळ्यांना कळलं असतं की बाबूजी चुकले. आज पलकसाठी आल्या, आणि तेही बाबूजी झोपल्यावर.

मग बाबा मला म्हणाले, "सरक."

"बाबा, याचा कीबोर्ड वेगळा आहे."

"नानाजी, तुमचा टाइपरायटरवालाच पाहिजे ना? रेमिंग्टन?" ऋजुताने फोन काढला. "टायपिंगच्या परीक्षेवाले सब यही डालते हैं." फोनच्या नेटवर दहा मिनिटांत तिने तो घातला. बटणांवर अक्षरं दुसरीच होती, पण बाबांना ती बघायची नव्हतीच. ते समोर पाहत होते. कडुनिंबाखाली पाहायचे तसे.

पहिलं बटण त्यांनी लोखंडी मशीनवर मारायचे तसं जोर लावून धरून ठेवलं. पडद्यावर ककककककक.

"नानाजी, धीरे! ये तो फूँक से भी चलता है."

बाबांनी हात उचलले. पाहिले. आणि हसले, या वेळी खरे. "हलकी वस्तू घेऊ नये. हलका असावा तो हात. आपणच सांगायचं आणि आपणच विसरायचं!"

बर्तन बाजारात राहून गेलेलं अर्धं वाक्य हे होतं. तीस वर्षं मी पहिलं अर्धं घेऊन डबे तोलत होते.

मग त्यांनी पूर्ण अर्ज टाइप केला. हळूहळू, दर शब्दाला थांबत. नावापाशी आले. भ, काना, न. वाकडी करंगळी त्या न दबणाऱ्या बटणावर नुसती टेकली.

उकार उमटला.

भानुमती वाकून अक्षर अक्षर वाचत होत्या. "भा. नु. म. ती." परत वाचलं. मग म्हणाल्या, "अब पलक का भी देख लो, कहीं उसमें भी कुछ गिर तो नी गया."

आईने चहा आणला. आज स्टीलच्या ट्रेमध्ये.

१६ नोव्हेंबर, रविवार

श्रीहरीने सकाळीच लॅपटॉपचा डबा काढून ठेवला होता. नीट, आतल्या पिशवीसकट. संध्याकाळी म्हणाला, "दुकान साडेनऊला बंद होतं."

मी कालचं सगळं सांगितलं. करंगळी, उकार, ककककक. तो ऐकत होता. मग लॅपटॉप जवळ ओढून डाव्या करंगळीने ते बटण दाबून पाहिलं. दोनदा, तीनदा.

"अर्जाला स्पीड किती लागतो?" त्याने विचारलं.

"बाबांच्या करंगळीएवढा."

डबा माळ्यावर गेला. "जे नाही त्याचे पैसे," तो स्टुलावरून उतरताना म्हणाला, "कधी कधी द्यावे लागतात."

साडेनऊ वाजून गेले. मी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊ म्हणाले, भुट्ट्याचा कीस खायला. तिघं गेलो. फार खाल्लं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आईचा फोन. "तुझे बाबा दुपारभर माझ्या पोळपाटावर बोटं चालवत बसतात. आता पोळ्या लाटू कशावर? आणि तिघं जण विचारून गेले, बाबूजी फिर से बैठ गए क्या?"

२३ नोव्हेंबर, रविवार

पेनने लिहिते आहे. जुन्या वहीत.

काल सांवेरहून परत आले तेव्हा खांद्यावर फक्त पाण्याची बाटली होती. लॅपटॉप तिकडे आहे. बाबांनी चार्जरही मागून घेतला. त्यावर टाइपरायटरचं रेक्झिनचं कव्हर घातलंय, चौपट मोठं, आणि शेजारी उद्याचे दोन अर्ज. किस्से आता स्वतःच लिहून पाठवणार म्हणाले. "तुझ्या हातून उकार राहतात."

मी घरी जुन्या चक्कीवर काम करते आहे. मजेत. पण त्या खिडकीतल्या उजेडाची आठवण येते. म्हणून एक अर्ज केलाय. नामंजूर होणार, माहीत आहे. उद्याच्या टपालाने टाकते.

सेवा में, श्रीमान प्रतापरावजी, अर्जीनवीस, सांवेर.

विषय : महिन्यातून एक रविवार, माझाच लॅपटॉप मला मिळण्याबाबत.

महोदय, सविनय निवेदन है कि प्रार्थिनीने सदर वस्तू फक्त आवडली म्हणून घेतली होती. दुसरं कोणतंही कारण नाही. तरी कृपया विचार व्हावा.

आपकी आज्ञाकारी,
वसुधा
(उकार तपासला आहे.)