काही अडत नाही

ताईस,

आईला बघायला ये, असं तू म्हणालीस की मी सांगायचे, माझ्यावाचून इथलं अडतं. ते खोटं नव्हतं. दवाखान्यातल्या तपासणीची यंत्रं वॉर्डातल्या संगणकांशी जोडणारा प्रोग्राम लिहायला मला महिने लागायचे. या वेळी एआयने ते दुपारपर्यंत केलं. मी चूक शोधत बसले, सापडली नाही.

साहेब म्हणाले, "आता तुम्ही नुसतं लक्ष ठेवा. हवं तर घरी जाऊन या."

मी "बरं" म्हणाले, डबा खाल्ला, धुऊन ठेवला. आता वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली, तेही वाटलं नाही.

आई हल्ली तुलाच माझ्या नावाने हाक मारते. मी समोर आले तर मला कोण म्हणेल, कुणास ठाऊक. आता माझ्याकडे सबब उरलेली नाही. तुला हे कळू नये, म्हणून पत्र पाठवत नाही.

तुझी धाकटी