म्हस्कूतात्या मास्कमधून परत आले

बारामती, ९ फेब्रुवारी १९९८

ती. सोपानमामा,

तुमच्या पायांना इथूनच, खुर्चीवरून न उठता नमस्कार (उठलो की संगणकाची वायर निसटते). मामींच्या गुडघ्याला उतार पडला का? तुमची नवी कवळी जेवताना खिशात असते असं आई सांगते. ती तोंडात ठेवायची असते.

पत्रास कारण, तुमच्या भाच्यानं पराक्रम केला आहे. वरकुट्याचे सोनबा तुमच्या ओळखीचेच. नव्या घरात लावायला त्यांनी एक जुना फोटो मोठा करायला माझ्या दुकानात आणला. मधे त्यांची आई छबूबाई, एका बाजूला सोनबा, दुसऱ्या बाजूला धाकटे म्हस्कूतात्या. बांधावरून भावाभावांचं बोलणं बंद (बांध हातभर, अबोला दोन वर्षांचा), म्हणून हुकूम झाला, "म्हस्क्याला काढा." मी फोटो स्कॅन केला आणि फोटोशॉपमधलं खोडरबर घेऊन बसलो. तात्यांबरोबर छबूबाईंचा कानही गेला. पुन्हा पहिल्यापासून केलं, तर निम्मी नथ गेली. त्यानंतर तात्या अगदी बरोबर गेले, आणि वीजही गेली.

शेवटी एमआयडीसीतल्या मित्राच्या पुस्तकात लेयर मास्क सापडला. मामा, ही चीज समजून घ्या. खाली कोऱ्या भिंतीचा थर, वर फोटोचा, आणि फोटोला मास्क. मास्कवर काळा ब्रश फिरवला की माणूस झाकला जातो, पांढरा फिरवला की पुन्हा दिसतो. पुसलं काहीच जात नाही. मी तात्यांना फेट्यापासून वहाणांपर्यंत झाकलं.

सोनबा आई आणि मुलगी मोनाली यांना घेऊन बघायला आले. सोनबा खूश. छबूबाईंनी मात्र पडद्याला नाक लावलं आणि विचारलं, "माझा हात कुनाच्या खांद्यावर हाय?"

कुणाच्याच नव्हता. हात झाकायचा मी विसरलो होतो; तो हवेत लटकत होता.

"आजी, तू यष्टीत दांडी धरून हायस जनू," मोनाली म्हणाली.

आजी हसल्या नाहीत. "दोन पोरं घिऊन बसले व्हते मी फोटूला," एवढंच बोलल्या. सोनबांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. मग म्हणाले, "आता कुठनं आनायचा त्याला? पुसलास न्हवं तू?"

मी खुर्ची पुढे ओढली (अशा वेळी घाई करू नये, रुबाब जातो). पांढरा ब्रश घेतला. वहाणा आल्या, धोतर आलं, खांदा आला, आणि आजींचा हात बरोबर त्यावर टेकला. सोनबा टेबल धरून ओरडले, "मिशी ऱ्हायली! मिशी बी आन त्याची!" आणली.

त्याच दिवशी सोनबा स्वतः धाकट्याच्या दारात गेले. घरभरणीला दोघे भाऊ शेजारी जेवले, आणि बांधावरून पुन्हा भांडले, पण तोंडानं. वरकुट्यात आता माझं नाव झालंय. एकानं चोरीला गेलेली शेळी परत आणता येईल का विचारलं. मी शेळीचा फोटो मागितला.

तुमचा विजयी भाचा,
मानसिंग

ता. क. : मुद्दा राहिलाच. मोनालीसाठी स्थळं बघतायत. सोनबा तुम्हाला मानतात. माझ्यासाठी एकदा शब्द टाका.

आणखी ता. क. : त्यांना दाखवायला माझा फोटो ठेवतोय. डोक्यावरचे केस शेजारच्या रामहरीचे आहेत (सोनबांनी मला टोपीतच पाहिलंय). बोलू नका.

शेवटचा ता. क. : पाकीट डकवणार तोच मोनाली दुकानात आली. फोटो बघून म्हणाली, "हे गवत आधी काढा. म्या टकलालाच व्हय म्हनलंय." तेव्हा फोटो बदलला आहे. सोनबांना सावलीत दाखवा, उन्हात चकाकतो.