खिंडीच्या अलीकडचा रविवार

मिचेल, दक्षिण डकोटा
मंगळवार, ७ ऑगस्ट १९५६

ती. जोहानाताईस,
रिकाचा प्रभूच्या नावाने सलाम. वि. वि.

आज पहाटेचं दूध काढून झालं आणि आम्ही निघालो. गोठा गेरिटच्या धाकट्या भावावर, आरेंड भावोजींवर, सोपवला आहे. दरसाल आमची सहल सोमवारी निघते आणि शनिवारी दिवेलागणीच्या आत घरी येते, कारण रविवारी गाडी देवळाखेरीज कुठे जात नाही. त्यामुळे ब्लॅक हिल्सच्या पलीकडे आमची मजल कधी गेलीच नाही. दर खेपेला तिथून मागे वळताना गेरिट म्हणायचा, पुढच्या वर्षी बर्फाचे डोंगर.

आता पुढचं वर्ष नाही. त्याला नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, आणि डॉक्टर म्हणतात की थंडीपर्यंत तेवढंही मिटेल. म्हणून या खेपेला एक रविवार वाटेत काढायचा, पण त्याला टेटनचे डोंगर दाखवायचेच असं ठरवलं. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, मुक्कामाला हरकत नाही, गाडी हलवू नका म्हणजे झालं.

गाडी मी चालवते. हसू नकोस. आलिडा म्हणते, आई गाडी चालवत नाही, बैल हाकते. चौदा वर्षांची झाल्यापासून तिच्या जिभेला फार धार आली आहे. विम अजून वळणावर ओकतो, त्याच्या मांडीवर दुधाची जुनी बादली दिली आहे. दुपारी इथला मक्याच्या कणसांनी मढवलेला महाल पाहिला. गेरिट भिंतीला नाक लावून एकेक कणीस बघत होता. आपल्या शेतातलं यापेक्षा भरदार असतं, म्हणाला. मग बाहेर बाकावर बसून घरचा पाव आणि अंडी खाल्ली.

शनिवारी बेल क्रीकला पोचू. तिथल्या पोस्टाच्या पत्त्यावर माझ्या नावे पत्र टाक. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
रिका

*

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
९ ऑगस्ट

चि. रिकास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गाडी चालवतेस हे शेजारणीला सांगितलं तर तिने विचारलं, कुठल्या रस्त्यावर, म्हणजे तो टाळता येईल.

एक सांगते, आईला माझं हे सांगणं आवडलं नसतं. आभाळ मोकळं मिळेल तो दिवस धर. वार बघू नकोस. गाईचं वासरू अडलं तर रविवारीही आपण बाह्या सरसावतोच की. माझ्या नवऱ्याला, क्लासला, शेवटपर्यंत समुद्र बघायचा होता. दर उन्हाळ्यात मी काही ना काही कारण काढलं. आता कारणं तेवढी माझ्यापाशी राहिली आहेत.

मुलांना पापे. गेरिटला सांग, माझ्यासाठीही बघून घे.

तुझी,
ताई

*

बेल क्रीक, वायोमिंग
सोमवार, १३ ऑगस्ट

ती. ताईस,
सलाम. वि. वि.

शनिवारी संध्याकाळी पोचलो. आम्ही उतरलो त्या कॅबिनची मालकीण बोलकी आहे. ती म्हणाली, खिंड तासाभराच्या वाटेवर, वर चढलात की डोंगर अंगावर येतात.

रविवारी आभाळ धुतलेल्या ताटासारखं लख्ख होतं. गेरिट पायरीवर बसून होता. तासाभराचीच वाट आहे, रिका, एवढंच एकदा म्हणाला. आलिडा म्हणाली, पटकन जाऊन येऊ आणि मग हवी तेवढी प्रवचनं वाच. मी तिला गप्प केलं. ज्याने डोंगर उभे केले तो सोमवारपर्यंत ते धरून ठेवील, म्हणाले. गाडीची किल्ली मी पेपरमिंटच्या डबीत टाकली. आपण प्रवचनाच्या वेळी फिरवतो तीच डबी. दिवसभर कोणी गोळी मागितली नाही. मी मुलांना घेऊन प्रवचन वाचत होते. गेरिट बाहेर मालकिणीला विचारत होता, सुळके किती, बर्फ कुठवर, खाली पाणी आहे का. ती सांगत होती.

आज उठलो तर धूर. रात्री वीज पडून पलीकडच्या रानाला आग लागली आहे. तरी खिंडीत गेलो. समोर नुसतं मळकट पांढरं. कुठे बघायचं ते गेरिटने आलिडाला विचारलं. तिने त्याचे खांदे धरून त्याला वळवलं आणि तिकडे, म्हणाली. तो बराच वेळ तिकडे बघत उभा राहिला.

परतताना पोस्टात गेले. तुझं पत्र शनिवारीच आलं होतं, पण आम्ही पोचलो तेव्हा खिडकी बंद झालेली. ते गाडीत बसून वाचलं. गेरिटला वाचून दाखवलं नाही.

बुधवारपर्यंत थांबू. आरेंडचं गवत कापायला आलं आहे, आणि पुढचा रविवार घरी गाठायचा आहे. आमच्यासाठी प्रार्थना कर.

रिका

*

ग्रँड रॅपिड्स
२४ सप्टेंबर

चि. रिकास,
आशीर्वाद. वि. वि.

आरेंडच्या बायकोचं पत्र आलं. उपासनेनंतरच्या कॉफीला गेरिट सगळ्यांना टेटनचे डोंगर सांगतो म्हणे, आणि माणसं कप हातात धरून ऐकतात. वाचून मी रडले. म्हणजे धूर फाटला. आणि मला एका ओळीने कळवू नये? काटकसर साबणात कर, चांगल्या बातमीत नको.

त्याचे डोळे कसे आहेत ते लिही.

ताई

*

ऑरेंज सिटी, आयोवा
सोमवार, १ ऑक्टोबर

ती. ताईस,
सलाम. वि. वि.

धूर फाटला नाही. मंगळवारी दोनदा खिंडीत गेलो, बुधवारी निघालो. वाटभर कोणी डोंगरांचं नाव काढलं नाही. गेरिटची नजर गेल्या पंधरवड्यात गेली. आता गोठ्यात दोर बांधला आहे, तो धरून दूध काढायला जातो.

तो सांगतो ते सगळं मालकिणीचं आहे, त्या रविवारचं. मी आत प्रवचन वाचत असताना त्याने जमवलेलं.

काल देवळात प्रभुभोजनाचा विधी होता. नंतर कॉफीला पाळकसाहेबांच्या पत्नीने डोंगरांविषयी विचारलं. गेरिटने सुरुवात केली, तीन सुळके, पायथ्याशी तळं. मग मध्येच थांबला आणि माझ्या दिशेने तोंड करून त्याने विचारलं, बर्फ मधल्या सुळक्यावर होतं ना, रिका, की पहिल्यावर?

सगळे माझ्याकडे बघू लागले. आलिडाने बशी खाली ठेवली. विमचं तोंड उघडं राहिलं. खोटं बोलल्याबद्दल मागच्याच आठवड्यात मी त्याला उपाशी झोपवलं होतं. रविवार होता, ताई, आणि तोंडातली प्रभुभोजनाची चवही गेली नव्हती.

मी म्हणाले, मधल्यावर. उजव्या अंगाला पार खालपर्यंत उतरलेलं होतं.

घरी येताना गाडीत गेरिटने माझी पर्स चाचपून पेपरमिंटची डबी काढली आणि पहिली गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

प्रार्थनेत सगळ्यांचं नाव घे, माझं जरा जास्त वेळ. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
रिका