गळ्याकडं जाणारा हात

आश्विन शु. ११, शुक्रवार. पिंगळी.
जुम्म्याची सुट्टी. जिनिंग बंद. कापसाच्या गंजीमागं तीनपानी मांडली. पैसे लावले तर चाँदभाई मुकादम हाकलून देईल, म्हणून चिंचोके. मन्मथनं माझे सगळे चिंचोके ओढले. वर म्हणतो, "किसनराव, गठाणी उचलायला डोकं लागत न्हाई. हितं लागतंय." हा काट्यावर बसून वजनं बोलणार, आमी पाठीची सालटं काढून घेणार. जिंतूरच्या दुकानदाराचं पोरगं. कपाळाला भस्म, तोंडात इख.

शु. १४, सोमवार.
चारठाण्याचा गाडीवाला सरकी न्यायला आलता. तिथल्या मामाचा निरोप: जावई पत्ते कुटतोय असं कानावर आलंय. पाडव्याला सोता येऊन तोंड दाखव, तर आमच्या पोरीची, सरूची सुपारी फोडू. न्हाईतर सेलूचं स्थळ दारात बसलंच हाय.
मामाला कुणी सांगितलं? गाडीवाला मन्मथकडं बघायलता.
तसाच मुकादमाकडं गेलो. हंगाम तोंडावर, दोघातून एकालाच दिवाळीची रजा. चाँदभाई म्हणला, "तू पैले बोल्या, तूच जा." मन्मथचं तोंड उतरलं. लय ग्वाड वाटलं.

वद्य ३, शुक्रवार.
घावला! चांगली पानं आली की मन्मथचा हात गळ्याकडं जातोय. सदऱ्याआत गळ्यातलं इष्टलिंग असतंय, त्याला बोटं लावतो. त्याला सोताला ठाव न्हाई. हात गेला की मी पानं टाकली. न्हाई गेला की चाल वाढवली, त्यो पळाला. दर खेपंला खरं. ढीगभर चिंचोके माझ्यापुढं.
"आज लय पानं यायलीत की रं तुला."
"पानं कोण बघायलंय," म्हणलो.
जळून कोळसा.

वद्य ६, सोमवार.
काट्याजवळ सगळ्या हमालांदेखत म्हणला, "रजा काय, मागून भिकाऱ्यालाबी मिळती. हिंमत असंल तर लाव डावावर." मी हरलो तर दिवाळीला त्यो जाणार. त्यो हरला तर हंगामभर काटा माझा, गठाणी त्याच्या पाठीवर. ती पाठ वाकलेली बघायचीच हाय मला. हो म्हणलो.
चाँदभाई: "हात में आई चीज पे कौन खेलता रे? पागल हुआ क्या?" मग म्हणला, "मेरेकू क्या. कोई बी एक जाव."
म्हातारं भेतंय. त्याला हाताचं ठाव न्हाई.

वद्य १०, शुक्रवार.
सगळा खेळ लिहीत न्हाई. शेवटचाच डाव. मी पानं उचललीच न्हाईत. आंधळा खेळलो, नुसता त्याचा हात बघत. हात मांडीवर, मेल्या पालीसारखा. मी चाल वाढवली, त्यानंबी वाढवली. हात हालंना. मनात म्हणलं, नुसतं सोंग आणायलाय.
"किसन्या, एकदा पानं तर बघ की."
"तुझ्यासाठी पानं कशाला बघू?"
सगळे चिंचोके पुढं सरकवले.
तीन गुलाम. एकेक करून मांडले त्यानं, सावकाश.
माझी पानं नंतर बघितली. एक राजा, दोन फुटकळ.
हात का न्हाई गेला?

वद्य ११.
दिवसभर गठाणी. मुंडकं भणाणलंय. दुपारी पाणी पिताना उमगलं. पानं बरी असायची, पण जितू का हरू अशी धाकधूक असली की त्याचा हात जायचा. धीर मागायला. तीन गुलाम असल्यावर कशाचा धीर मागतोय त्यो. भ्या दिसायलतं मला, आन मी त्यालाच पानं समजलो. वर पानंबी न बघता.
चाँदभाईकडं गेलो, रजेचं बघा म्हणून. "जबान दिया ना? अब बोरा उठा."
सरूला कुणी सांगावं. सेलूचं ते स्थळ...

वद्य १२, रविवार.
मन्मथ सकाळी बैलगाडीनं निघाला. जिंतूरहून चारठाणा त्याला काय लांब न्हाई. आन तिकडं जाणारं दुसरं कुणी न्हाई. चाकापाशी जाऊन हुबा राहिलो. आता मागायची पाळी. ह्याच्यापुढं! शेवटी म्हणलो, "मामाला सांग, हंगाम निघाला, शेटनं सोडलं न्हाई. पत्त्याचं काढू नको. सरूची सुपारी तेवढी धरून ठेवा म्हणावं."
"अरं सांगतो की."
"नक्की?"
"आता काय कागदावर लिहून देऊ किसनराव?"
हसला. आन हात गळ्याकडं गेला.
गाडी फाटकाच्या वळणाला गेली तरी हात तिथंच व्हता. मी बघत राहिलो. नुसता निरोपच द्यायचा, तर धाकधूक कसली? मुकादमानं दोन हाका मारल्या.