उसामाची पाखरं

अल खर्ज, शुक्रवार

लाडक्या खुर्शीदला थोरल्या भाईचा सलाम आणि खूप दुवा.

मी बरा आहे, साखर ताब्यात आहे. आपला हम्माद काम करतो त्या डेअरीतलं दूध इतकं दाट, की तुझ्या म्हशीने लाजावं. तू वेळेवर जेवतेस ना?

उसामाचा ऑस्ट्रेलियातला मित्र उमऱ्याच्या यात्रेला इकडे आला होता. त्याने तुझ्या लेकाचा कॅमेरा आणून दिला. उसामाची माती तिकडे ऑस्ट्रेलियातच झाली, तुला त्याचं तोंडही दिसलं नाही. म्हणून तू एकच मागितलंस, त्याचा एखादा फोटो.

सगळं पाहिलं गं. शेताच्या तारेवर गुलाबी काकाकुवे, गल्लीत कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचलणारा पांढरा काकाकुवा, कुणाच्या अंगणात काळापांढरा मॅगपाय पक्षी. लहानपणी मी त्याच्याकडून पाखरांच्या कविता घोकून घेतल्या, त्याचंच हे पीक असावं.

"अब्बा, नुसती पाखरंच! हा स्वतः कुठंय?" हम्माद चिडला.

शेवटी एक चुकलेला फोटो सापडला. मॅगपाय उडून गेलाय, उरलंय गवत, आणि त्यावर कॅमेरा धरलेल्या उसामाची लांब सावली. डावा खांदा तसाच, जरा उतरता.

तो मोठा करून पाठवतोय. तुझे मियाँ रहमतुल्लाभाई घरात कुठल्याही जिवाची तसबीर लावू देत नाहीत, ठाऊक आहे. पण यात चेहरा नाही, पाखरूसुद्धा नाही. त्यांना म्हणावं, गवत आहे. भिंतीवर लाव.

तुझ्यासाठी रोज दुवेला हात उचलणारा,
अब्बासभाई